रुसव्याचा मुलूख

लावणीतली बाई वाट बघत असते; आमच्या तंजावूरच्या पदातली बाई दार अडवून उभी असते. दसऱ्याला सीमोल्लंघन करून गेलेला धनी आखाड लागला तरी परतला नाही, शेज सुनी पडली, रात्र सरता सरत नाही, हा पेशवाईतल्या शाहिरांचा हुकमी देखावा. तंजावूरचा धनी मोहिमेवर जातच नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे जातो आणि पहाटे परततो. मग उंबऱ्यावर जे काही घडतं, त्यावर या मुलखानं दीड-दोन हजार वर्षं कविता केली आहे.

मी तंजावूरची मराठी. पश्चिम राजवीथीच्या मागच्या एका गल्लीत माझा जन्म गेला. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि गाणं तेलुगू, अशी आमची तिहेरी राहणी. नाचाच्या मागे बसून पदं गाणं हा माझा धंदा, म्हणून रुसव्याचं शास्त्र मला पोथीतून कमी आणि पोटापाण्यासाठी जास्त शिकावं लागलं. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "तुम्ही मराठी माणसं, मग तेलुगू पदं कशाला गाता?" त्यांना मी सांगते, शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचा मुलगा इथल्या गादीवर बसून तेलुगूत पदं रचत होता, मला कोण अडवणार? पण हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं सांगायला जरा मागे जावं लागतं.

तमिळ काव्यशास्त्राचा सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे तोल्काप्पियम्. त्यानं प्रेमकवितेची वाटणी जमिनीच्या जातीवरून केली. डोंगर म्हणजे कुरिंजी. तिथे चोरून भेटीगाठी, वेळ मध्यरात्रीची. रान आणि गायरान म्हणजे मुल्लै. तिथे राजाच्या लढाईवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणं, वेळ सांजेची, ऋतू पावसाचा. समुद्रकाठ म्हणजे नेय्दल, तिथे झुरणं. करपलेला माळ म्हणजे पालै. तिथे ताटातूट, भर दुपारची. आणि नदीकाठची भातशेती म्हणजे मरुदम्. तिथे रुसवा, वेळ पहाटेची.

आता नकाशा समोर घ्या. सह्याद्रीच्या पूर्वेचा पावसावर जगणारा, गुरं आणि घोडी पोसणारा मुलूख सरळ मुल्लैत बसतो, आणि लावणीतली वाट बघणारी बाई तोल्काप्पियम्च्या हिशेबानं मुल्लैची नायिका ठरते. लावणीच्या शाहिरांनी तोल्काप्पियम् वाचलेलं असायचं कारण नव्हतं. जमीन तीच, म्हणून बाई तीच. उलट कावेरीचं खोरं म्हणजे मरुदम्चा अर्क. करिकाल चोळाच्या नावावर असलेला कल्लणै बंधारा, त्यातून फुटलेले कालवे, कुरुवै आणि सांबा ही भाताची पिकं. पाणी आहे तिथे धान्य, धान्य आहे तिथे देऊळ, देऊळ आहे तिथे नाचगाणं, आणि नाचगाणं आहे तिथे नवऱ्याला घरी यायला पहाट होते. शास्त्रकारानं भूगोल आणि संसार एकाच सूत्रात बांधले ते असे.

ऐंगुरुनूरु नावाच्या जुन्या संग्रहात पाचशे छोट्या कविता आहेत, दर जमिनीला शंभर. त्यातलं पहिलं शतक मरुदम्चं, कवी ओरम्पोगियार. त्यात दहा कविता खेकड्याच्या आहेत आणि दहा म्हशीच्या. प्रेमकवितेत म्हैस आणि खेकडा कशाला, असं पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतंच. पण सगळी खुबी तिथेच आहे. बायकोची मैत्रीण नवऱ्याला तोंडावर कधीच "तू बाहेरख्याली आहेस" म्हणत नाही. ती त्याच्या गावाचं वर्णन करते. माझ्या शब्दांत नमुना द्यायचा तर, "जिथली म्हैस गोठ्यातला हिरवा चारा सोडून परक्याच्या तळ्यात शिरते, त्या गावचे ना तुम्ही?" एवढंच. तळं कुणाचं, चारा कोण, म्हैस कोण, हे ऐकणाऱ्यानं ओळखायचं. उपमान बोलायचं आणि उपमेय गिळायचं, या युक्तीला तमिळमध्ये उळ्ळुरै म्हणतात. आपल्या अन्योक्तीशी तिचं जवळचं नातं आहे. फरक इतकाच की अन्योक्ती जगाला उपदेश करते आणि उळ्ळुरै एकाच माणसाला बोचते.

या जुन्या कविता आज छापील वाचायला मिळतात त्या मुख्यतः एका कुंभकोणमच्या मास्तरांमुळे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर. त्यांचा जन्म १८५५चा, म्हणजे ज्या वर्षी तंजावूरचे शेवटचे राजे दुसरे शिवाजी वारले त्याच वर्षी. १८८० पासून ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ शिकवत. मठांतून, घरांच्या माळ्यांवरून ताडपत्रं गोळा करून, पाठ ताडून त्यांनी एकेक ग्रंथ छापला. ऐंगुरुनूरु १९०३ साली निघालं, कुरुन्दोगै हा आणखी एक जुना संग्रह १९३७ साली.

मराठी वाचकाला ही चाल अगदीच परकी वाटू नये. हालाची गाथासप्तशती स. आ. जोगळेकरांच्या १९५६च्या आवृत्तीमुळे आपल्याकडे घरोघरी गेली नसली तरी वाचणाऱ्यांच्या कपाटात गेली. त्या माहाराष्ट्री प्राकृत गाथांतही बाई मामीशी, आत्याशी, सखीशी बोलते आणि तिचं बोलणं असतं भलत्याच कुणाच्या कानासाठी. जॉर्ज हार्ट या अभ्यासकानं १९७५च्या ग्रंथात दाखवून दिलं की गाथांतल्या आणि तमिळ कवितांतल्या कितीतरी युक्त्या सारख्या आहेत आणि त्या दख्खनच्या समाईक लोकपरंपरेतून आल्या असाव्यात. म्हणजे मराठे घोड्यावरून तंजावुरात शिरले ते १६७६च्या सुमारास, पण प्रेमाची बोलण्याची रीत दोन्ही मुलखांत त्याच्या कितीतरी आधीपासून समाईक होती.

मरुदम्च्या कवितेत बोलते ती घरची बायको, नाहीतर तिची मैत्रीण. पलीकडच्या गल्लीतली बाई तिथे आहे. तिला बोलताही येतं, पण ती पाहुणी म्हणून. सतराव्या शतकात हा मांडच फिरला. तेव्हा तंजावूरवर तेलुगू नायकांचं राज्य होतं. विजयराघव नायक (१६३३ ते १६७३) याच्या दरबारात क्षेत्रय्या नावाचा कवी येऊन गेला. कृष्णा नदीच्या मुखाकडच्या मुव्व गावचा, म्हणून त्याच्या पदांतल्या देवाचं नाव मुव्वगोपाल. आपल्या एका पदात त्यानं हिशेब दिला आहे: मदुरेच्या तिरुमल नायकासमोर दोन हजार पदं, विजयराघवासमोर एक हजार, आणि गोवळकोंड्याला चाळीस दिवसांत दीड हजार. त्यातली आज तीन-चारशे हाती आहेत. त्यांतल्या बहुतेक पदांत बोलते ती पलीकडच्या गल्लीतली बाई. तीच रुसते, तीच दाराला कडी घालते, आणि ज्याच्यावर रुसते तो साक्षात देव आहे. देव तिच्याकडे पैसे घेऊन येणारं गिऱ्हाईक आहे, आणि ती देवाला देव म्हणून एक पैचीही सूट देत नाही.

पदाचा बांधाही समजून घ्यायला हवा. पल्लवी, अनुपल्लवी आणि दोन-तीन चरण. चाल अतिविलंबित, इतकी की घाईचा माणूस उठून जातो. प्रत्येक चरणानंतर पल्लवी पुन्हा येते आणि दर खेपेला तिचा अर्थ सरकलेला असतो, कारण मधल्या चरणात नवा पुरावा पुढे आलेला असतो. शेवटच्या चरणात मुद्रा येते, म्हणजे कवीची सही. अभंगात तुका म्हणे येतं तशी ही सही कवीच्या नावाची नसते, नायकाच्या नावाची असते. मुव्वगोपाल ही क्षेत्रय्याची सही आणि तोच आरोपी. एका शब्दात दस्तऐवजावर सही होते आणि आरोपीचं नावही पुकारलं जातं.

पुरावा म्हणाले, तो पुरावा बघण्यासारखा असतो. पहाटे आलेल्या नायकाच्या ओठावर काजळ आहे, पापणीवर विड्याचा लाल डाग आहे, कपाळावर अळित्याची रेघ आहे. शास्त्र ज्याला ठाऊक आहे त्याला पूर्ण रात्र यातून वाचता येते. काजळ ओठावर आलं कारण त्यानं तिच्या डोळ्यांचं चुंबन घेतलं. विड्याचा रंग पापणीवर आला कारण तिनं त्याच्या. आणि कपाळावर अळिता का? कारण तीसुद्धा रुसली होती, आणि तिची समजूत काढायला हा तिच्या पायांवर डोकं ठेवून आला! कुंभकोणमच्या विड्याच्या पानांची कावेरीकाठी आजही ख्याती आहे. इथल्या श्रोत्याला तो लाल रंग समजावून सांगावा लागत नाही. ज्या बाईच्या दारात आता भांडण चालू आहे ती एकदाही "तू तिच्याकडे होतास" म्हणत नाही. ती फक्त "रात्री झोप झाली नाही वाटतं?" असं विचारते. म्हशीच्या जागी काजळ आलं, पण न बोलता बोलायची रीत मरुदम्चीच राहिली.

संस्कृत शास्त्रकारांनी या बाईला खंडिता नाव दिलं आणि आठ नायिकांत बसवलं. भानुदत्ताच्या रसमंजरीत तर रुसण्याचेही पोटभेद आहेत. मध्या नायिका धीरा असेल तर वक्रोक्तीनं बोलते, अधीरा असेल तर कठोर बोलते, धीराधीरा असेल तर टोमणा मारता मारता रडते. वाचताना ही वर्गवारी सरकारी दप्तरासारखी रूक्ष वाटते. मला ती ज्या बाईंनी शिकवली त्यांनी पुस्तक उघडलं नाही. त्या देवळाच्या जुन्या घराण्यातल्या, आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. त्यांनी आम्हाला दोनच शब्द दिले: "या, बसा." आणि म्हणाल्या, आता हे आठ बायकांच्या तोंडून म्हणा.

करून पाहा, सोपं नाही. शेज सजवून बसलेली वासकसज्जा "या, बसा" म्हणते तेव्हा दोन्ही शब्दांमध्ये श्वास नसतो. "या"तच "बसा" मिसळून जातं. जिचा नवरा मुठीत आहे ती स्वाधीनभर्तृका हे शब्द मान न वळवता म्हणते. भांडून घालवल्यावर पस्तावलेली कलहांतरिता रिकाम्या दाराकडे बघून म्हणते, म्हणजे ऐकायला कुणी नसतं. खंडिता धीरा असेल तर "या"नंतर थांबते, पदर सावरते, डोळे त्याच्या कपाळावरच्या रेघेवर एकदा टेकवते आणि मग पाहुण्याला पाट द्यावा तसं "बसा" म्हणते. कालपर्यंत ती त्याला तू म्हणत होती. आजचा हा आदर म्हणजे शिक्षा. अक्का म्हणायच्या, "ओरडलीस की तू हरलीस. तो ओरडण्याला भीत नाही, तुझ्या मानपानाला भितो." पदात अभिनय करणारी बाई एकच ओळ दहा-पंधरा वेळा घेते आणि दर वेळी वेगळी उकलते, ती रीत याच शिकवणीवर उभी आहे.

१६७३ साली मदुरेच्या नायकाकडून विजयराघव मारला गेला. तीनेक वर्षांत शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे तंजावूरचे धनी झाले. सैन्य मराठी, कारभार मोडीत, घरात मराठी. अशा दरबारात मुल्लैची कविता रुजायला हवी होती, स्वारीवर गेलेल्यांची वाट बघणारी. पण पुढच्याच पिढीत शाहजी राजे (१६८४ ते १७१२) तेलुगूत पदं रचू लागले, आणि तीही तिरुवारूरच्या त्यागेशाला, म्हणजे शंकराला, नायक करून. मुव्वगोपालाच्या जागी त्यागेश आला. रुसणारी बाई जागची हलली नाही. या राजाच्या पल्लकी सेवा प्रबंधात तर शंकराला पालखीत घालून गौरीकडे आणण्यासाठी सख्या धावतात. पंचभाषाविलास या त्यांच्या नाटकात चार देशींच्या चार राजकन्या कृष्णावर भाळतात; एक तमिळ बोलते, एक तेलुगू, एक मराठी, एक हिंदी, आणि कृष्ण संस्कृत. प्रेमाला भाषेची अडचण नसते असं आपण सहज म्हणतो. इथे राजानं ते रंगमंचावर सिद्ध करून दाखवलं, कारण चौघींच्या भाषा वेगळ्या असल्या तरी विरहाच्या आणि रागाच्या पायऱ्या त्याच आहेत. प्रेक्षकाला एक भाषा कळली की बाकीच्या तिघींचं दुःख आपोआप कळतं. याच शाहजींनी १६९३ साली तिरुविशनल्लूरचं अग्रहार पंडितांना वसवून दिलं, आणि यांनीच एका तेलुगू प्रहसनात परक्या बाईवर भाळलेल्या भटजीला मोरोभट्ट असं खास आपल्याकडचं नाव देऊन त्याची फजिती केली. जिंकून आलेल्या माणसाला स्वतःच्या लोकांची टिंगल परवडते, याची ही खूण.

इथवर बहुतेक रुसणारी बाई आणि लिहिणारा पुरुष अशीच जोडी होती. ती जोडी मोडली प्रतापसिंह राजांच्या काळात (१७३९ ते १७६३). मुद्दुपळनी ही त्या दरबारातली गणिका. आजी तंजनायकी, तीही दरबारचीच. मुद्दुपळनीनं राधिका सांत्वनमु नावाचं शृंगारप्रबंध काव्य तेलुगूत लिहिलं, चार भाग आणि पाचशे चौऱ्याऐंशी पद्यं. कथा अशी की राधेनं इळा नावाची मुलगी लहानाची मोठी केली. तिचं लग्न तीच कृष्णाशी लावून देते, नवरीला कसं वागायचं ते शिकवते आणि कृष्णाला बजावते की पोरीशी जपून वाग. आणि मग तिलाच सहन होत नाही. कृष्ण नव्या संसारात रमतो, राधा रुसते, आणि कृष्णाला येऊन तिची समजूत घालावी लागते.

नेहमीच्या पदात समजूत शेवटच्या चरणात उरकलेली असते, बहुतेकदा नुसती सुचवलेली. मुद्दुपळनीनं समजुतीलाच ग्रंथाचं नाव दिलं. तिची राधा वयानं मोठी आहे, प्रेमात हक्कानं मागणारी आहे, आणि इच्छा तिची आहे. शिवाय ग्रंथाच्या आरंभी, पुरुष कवी सांगतात तसा, तिनं आपल्या घराण्याचा आणि आपल्या विद्वत्तेचा अभिमानानं उल्लेख केला. मरुदम्मध्ये बायको बोलत होती. क्षेत्रय्याकडे गणिका बोलू लागली, शब्द पुरुषाचे. तंजावुरात गणिकेच्या हाती लेखणी आली तेव्हा कुठे हे वर्तुळ पुरं झालं.

पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी. १८८७ साली हे काव्य छापलं गेलं तेव्हा कवयित्रीचा परिचय आणि काही पद्यं त्यातून गाळली गेली. बेंगळूर नागरत्नम्मा या गायिकेला मूळ प्रत मिळाली आणि १९१० साली तिनं मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनाकडून पूर्ण ग्रंथ काढला. कंदुकूरी वीरेशलिंगमसारख्या थोर समाजसुधारकानं त्या काव्याला अश्लील ठरवलं होतं. नागरत्नम्मानं प्रस्तावनेत त्यांनाच प्रश्न केला की पुरुषांनी याहून उघडं लिहिलं ते कसं चालतं? सरकारनं ग्रंथावर बंदी घातली. ती १९४७ साली, टंगुटूरी प्रकाशम् मद्रासचे मुख्यमंत्री असताना उठली. त्याच वर्षी मद्रास विधिमंडळानं देवदासी वाहण्याची प्रथा बंद करणारा कायदा केला. कायदा व्हायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या घराण्यांनी रुसव्याची ही विद्या सांभाळली त्यांचं जिणं कायद्यानं संपवलं आणि त्यांची कविता त्याच वर्षी मोकळी झाली, हा योग मला कधी पचला नाही. नागरत्नम्मानं आपली मिळकत घालून तिरुवैयारूला संतकवी त्यागराजांची समाधी बांधली. आज तिथे आराधनेला हजारो माणसं जमतात. त्यांपैकी मुद्दुपळनीचं नाव किती जणांना ठाऊक असतं?

पदं टिकली ती अशा घराण्यांच्या गळ्यांत. वीणा धनम्माळ (१८६७ ते १९३८) यांचं घराणं तंजावूर दरबारच्या पापम्माळपर्यंत मागे जातं. क्षेत्रय्याची पदं संथ आणि शुद्ध ऐकायची तर याच घरात, असा लौकिक होता. त्यांची नात नर्तकी टी. बालसरस्वती. १९७५ साली मद्रासच्या तमिळ इसै संगमात अध्यक्षीय भाषण करताना त्यांनी नाचाच्या पूर्ण मैफलीची देवळाशी तुलना केली: सुरुवातीचा अलारिप्पु म्हणजे गोपूर, आणि पद म्हणजे गाभारा. शृंगार पुसून टाकून भक्ती ठेवू पाहणाऱ्यांना बालसरस्वतींचं हे उत्तर होतं. गाभाऱ्यात त्यांनी रुसलेली बाई बसवली.

मराठीचं काय, असं विचाराल. मराठी इथे शृंगारात आली, पण उशिरा आणि दुसऱ्या दारानं. दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) यांनी नाचासाठी मराठी निरूपणं रचली. एकच कथा धरून अठरा रचना: शब्द, वर्ण, पद, स्वरजति, अभिनयपद, तिल्लाणा, शेवटी मंगल. तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं ती कोर्व्यांच्या साहित्याचे जिन्नस या नावानं छापली आहेत. आजच्या भरतनाट्यमचा क्रम ज्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम्, वडिवेलु या चार भावांनी बसवला ते याच दरबारात वाढले. पण सरफोजींच्या काळात एक बदल झाला. त्यांच्यावर रचलेल्या शरभेंद्र भूपाल कुरवंजी या तमिळ नाट्यात मदनवल्ली राजाची मिरवणूक पाहते आणि प्रेमात पडते. चंद्र भाजतो, वारा पोळतो, सखी धावाधाव करते आणि शेवटी डोंगरची कुरत्ती हात पाहून राजा मिळणार असं भविष्य सांगते. मोठ्या देवळात हे नाट्य वर्षानुवर्षं नाचलं गेलं. गोड आहे, मीही गायलं आहे. पण त्यात रुसवा नाही. १७९९ साली राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला, राजाकडे किल्ला आणि नेमणूक उरली, आणि त्याच राजावर बाई अशी झुरू लागली की त्याच्याकडे काही मागायचंच राहिलं नाही. देवाशी भांडणारी क्षेत्रय्याची बाई राजाशी भांडायला कचरली. सत्ता गेल्यावर स्तुती वाढते, हा माझा निष्कर्ष. मान्य करायलाच हवा असं नाही.

राजे मात्र हुशार. त्यांनी स्वतः मराठीत देवेंद्र कुरवंजी लिहिली तेव्हा त्या कुरत्तीकडून त्यांनी भलतंच काम करून घेतलं. ती इंद्राच्या राणीला खंड, देश आणि समुद्र सांगते. प्रेमात पडलेल्या बाईचं भविष्य सांगायला आलेली भटकी बाई भूगोल शिकवून जाते. युक्ती जुनी, उपयोग नवा.

आणि मराठी लावणी? ती राजवाड्यातून गावात गेली आणि तमिळ झाली. मासी महिन्यात, आपल्या होळीच्या सुमारास, कावेरीकाठच्या गावांत कामन पंडिगै होते. शिवानं मदनाला जाळलं ती कथा. तेव्हा डफावर लावणीचा सामना रंगतो. आपल्या कलगी-तुऱ्यात शक्ती मोठी की शिव यावर सवाल-जवाब होतात. इथे वाद असा की मदन जळला की जळला नाही. एका बाजूचं नाव जळल्याचा पक्ष, दुसरीचं न जळल्याचा पक्ष. लावणी हा शब्द तसाच राहिला. भाषा, वाद आणि गाणारे सगळे तमिळ. राज्य करायला आलेल्या लोकांनी मागे काय ठेवलं याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते कुठल्याही शिलालेखावर नाही.

म्हणून पाहुण्यांना माझं पूर्ण उत्तर असं. मी तेलुगू गाते कारण या जमिनीनं रुसव्याला दिलेलं सर्वांत नेमकं रूप तेलुगूत आहे, आणि ते टिकवायला मराठी राजांनीही हातभार लावला. मराठीला इथे कमीपणा नाही. सरस्वती महालात मराठीची तीन हजारांवर हस्तलिखितं आहेत, मोडीची दप्तरं वेगळीच. कमी आहे ती गाणाऱ्यांची. सरफोजींची अभिनयपदं छापून कित्येक वर्षं झाली, तरी भरतनाट्यम शिकणाऱ्या मराठी मुली तेलुगू आणि तमिळ पदं पाठ करतात आणि मराठी पद म्हटलं की अभंगावर नाचतात.

तंजावूरला येणारी मंडळी मोठं देऊळ पाहतात, नंदीपाशी फोटो काढतात आणि दुपारच्या गाडीनं कुंभकोणम गाठतात. राजवाड्याच्या आवारात सरस्वती महालाच्या पुस्तकविक्रीचं टेबल आहे. तिथे मराठी पुस्तकं अजून स्वस्तात मिळतात. एक जिन्नस विकत घ्या, आणि घरात कुणी नाच शिकत असेल तर त्यातलं एखादं अभिनयपद तिच्या गुरूंच्या हातात द्या.